चाकातून घूऽऽ आवाज येतोय? बेअरिंग बदलायच्या आधी या चुका टाळा

कराडहून पाटणच्या दिशेने गाडी साठने चालली होती. बायको म्हणाली, "विमान जातंय का वरून?" विमान कुठलं! आवाज आमच्याच गाडीचा होता. चाळीसच्या पुढे सुरू व्हायचा, सत्तरला पोचलो की गाणी ऐकू येईनाशी व्हायची. मी कुंभार्ली घाट उतरेपर्यंत निदान करून मोकळा झालो होतो: पुढचं उजवं बेअरिंग, म्हणजे चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते. दुसऱ्या दिवशी चिपळुणात घरासमोर गाडी जॅकवर घेतली, नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) खोलला, दाबयंत्रावर बेअरिंग काढून-बसवून देणाऱ्या प्रेसवाल्याकडून जुनं बेअरिंग काढून नवं बसवून आणलं. काढलेल्या बेअरिंगच्या गोळ्या बघितल्या तेव्हाच पोटात गोळा आला. आरशासारख्या लख्ख, एक डाग नाही. गाडी जोडून बाहेर काढली आणि साठला विमान परत आलं.

दोष होता मागच्या डाव्या टायरमध्ये. एक दिवस, एक बेअरिंग आणि प्रेसवाल्याची मजुरी फुकट. त्यानंतर स्वतःच्या, भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच गाड्यांची चाकं उतरवली. माझ्या आणि इतरांच्या हातून ज्या चुका होताना पाहिल्या त्या इथे सांगतो.

आवाज ऐकला की बेअरिंगवर बोट ठेवणं

खराब बेअरिंगचा आवाज आणि झिजलेल्या टायरचा आवाज सख्ख्या भावांसारखे असतात. दोन्ही वेगाबरोबर वाढतात आणि दोन्ही इंजिनच्या मर्जीवर नसतात. कान कितीही तयार असला तरी नुसत्या आवाजावरून फसायला होतं.

पहिला फरक रस्ता सांगतो. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. गुळगुळीत डांबरावर आवाज एकदम खाली गेला आणि खडबडीत पट्ट्यावर परत वर आला, तर नजर टायरकडे वळवा. म्हणूनच काँक्रीटच्या रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नका. पाणी साचू नये आणि पकड मिळावी म्हणून काँक्रीटवर आडव्या रेघा पाडलेल्या असतात, त्यामुळे तिथे नवी कोरी गाडीसुद्धा गाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर "आवाज येतोय" म्हणून घाबरलेल्या दोघांना मी साध्या डांबरी रस्त्यावर नेलं, तर आवाज गायब.

दुसरी परीक्षा तळहाताची, आणि मी तीच करायची विसरलो होतो. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टायरला पायऱ्या पडल्यात. आतल्या कडेवरूनही हात फिरवा, बाहेरची कड चांगली दिसते म्हणून फसू नका. माझ्या मागच्या डाव्या टायरची बाहेरची बाजू छान होती. आतली बाजू खवणीवर हात फिरवल्यासारखी लागत होती, शॉकअब्सॉर्बर गेल्यामुळे. हात आत घालायला दहा सेकंद लागले असते.

शंका उरलीच तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला. आवाज चाकांबरोबर जागा बदलून गेला तर टायर, जागेवरच राहिला तर बेअरिंग. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर अदलाबदल त्याच बाजूला करा, डावं उजवीकडे नेऊ नका.

चालत्या गाडीत इंजिन बंद करणं

आवाज इंजिन-गिअरबॉक्सचा की चाकाचा, हे ओळखायला गाडी वेगात असताना न्यूट्रल करून नुसती घरंगळू द्यायची. इंजिनचे फेरे खाली आले तरी आवाज वेगालाच चिकटून राहिला, तर तो चाकांकडचा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण काही बहाद्दर "नीट ऐकू येऊ दे" म्हणून चावीच फिरवतात. इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, आणि चावी जास्त मागे गेली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रल पुरे. तेही सपाट, रिकाम्या रस्त्यावर. घाटाच्या उतारावर नाही.

"डावीकडे वळलं की आवाज वाढतो, म्हणजे डावं बेअरिंग"

बरोबर उलटं. एसटी डावीकडे वळते तेव्हा उभी माणसं कुठे कलंडतात? उजवीकडे. गाडीचं वजनही तसंच उजव्या चाकांवर जातं. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल तर संशय उजव्या बाजूवर घ्यायचा, उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या बाजूवर. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात स्टीअरिंग अगदी हलकं डावी-उजवीकडे केलं तरी फरक कळतो, सापासारखी गाडी नाचवायची गरज नाही.

हाही पुरावा नव्हे, इशारा आहे. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि त्यातली नेमकी कुठली खराब झाली यावर उलटा निकालही लागू शकतो. शिवाय गाडीचा सांगाडा म्हणजे पत्र्याचा डबा. मागचा आवाज पुढे येऊन वाजतो. चालवणाऱ्याला सगळे आवाज पायाखालून येतात असंच वाटतं. म्हणून एका माणसाला मागच्या सीटवर बसवून, डावीकडे-उजवीकडे सरकवून ऐकायला लावा. आमच्याकडे हे काम माझा मुलगा करतो आणि त्याचा कान माझ्यापेक्षा बरा आहे.

आता चाक. पण आधी जमीन बघा

बेअरिंगच्या निदानात चुकलात तर पैसे जातात. चाक काढताना चुकलात तर हात-पाय जातात. म्हणून इथे थोडा वेळ थांबणार आहे.

गाडी सपाट आणि कडक जागेवर हवी. पावसाळ्यात अंगणातली तांबडी माती वरून घट्ट दिसते, पण जॅकचं छोटं बूड त्यात लोण्यात सुरी जावी तसं जातं. खाली जाड फळी किंवा प्लायवूडचा तुकडा घाला. पेव्हर ब्लॉकवरही घाला, कारण एखादा सुटा ब्लॉक कलला की जॅक तिरका होतो.

मग गाडी जागच्या जागी बांधायची. "हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, अजून काय हवं?" असं म्हणणारे पुष्कळ. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक लहान गाड्यांत, गिअर पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक मागची. पुढचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, उचललेलं चाक मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकावरची गिअरची पकड सुटते. उरला फक्त हँडब्रेक. मागचं चाक उचललं तर हँडब्रेक एकाच चाकावर राहतो. मागचा ड्रम काढायचा असेल तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर आतले ब्रेक शू ड्रमला धरून बसतात आणि लोक ड्रम ठोकत बसतात. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून दगड किंवा लाकडी पाचर लावाच. एका बाजूचा दगड म्हणजे अर्धं काम.

चाक हवेत उचलून मग नट सैल करायला जाणं

नट अर्धा आटा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. हवेत चाक फिरतं आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तुम्ही पान्याला दिलेला झटका जॅकला मिळतो. आधी सगळे नट जरासे ढिले करा, मग उचला, मग पूर्ण काढा. हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी कोणीतरी विसरतं.

नट हलतच नाही, ही नेहमीची रड. बहुधा टायरच्या दुकानात हवेच्या गनने कड्डकन् आवळलेला असतो. गाडीबरोबर येणारा पाना आखूड असतो आणि थोडा झिजला की नटाच्या कडा गोल करतो. नटाच्या मापाचा, सहा कडांचा सॉकेट आणि लांब दांडा घ्या. बऱ्याच गाड्यांना १९ किंवा २१ मिलिमीटर लागतो, पण लावून बघा, अंदाजाने नको. पाना नटावर पूर्ण आत बसलाय ना बघा, दांडा साधारण आडवा ठेवा आणि वजन खाली टाका. पान्यावर उड्या मारू नका. पाना निसटला तर नडगी फुटते, नाही निसटला तर स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो खिळा, तुटतो. नटाच्या टोकाला गंज खाणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबलं तर उड्यांची वेळच येत नाही.

अलॉय व्हीलला चोरांसाठी वेगळ्या डोक्याचा एक लॉकिंग नट असेल तर त्याची चावी घरातून निघतानाच डिकीत असल्याची खात्री करा. ती नेमकी कपाटात असते.

जॅक कुठेही लावणं, आणि जॅकवर विसंबणं

दाराखालच्या पट्टीला पुढच्या चाकाच्या लगेच मागे दोन आणि मागच्या चाकाच्या लगेच पुढे दोन, अशा जवळजवळ खाचांच्या जोड्या असतात. जोडीतल्या दोन खाचांच्या मधली जागा जॅकची. इतर ठिकाणी पत्रा आत जातो आणि मग दार लागताना कुरकुरायला लागतं. इलेक्ट्रिक गाडीत तर मधल्या भागात बॅटरी असते, तिथे जॅक टेकवायचा नाहीच.

गाडीबरोबरचा कात्री जॅक हा फक्त स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्यावर गाडी ठेवून खाली डोकं घालायचं नाही. पायही नाही. "एकच मिनिट" असं म्हणून तर अजिबात नाही. खाली वाकून काही करायचं असेल तर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, हवी आणि गाडीचं वजन तिच्यावर उतरलेलं हवं.

आमच्या कोकणात घोडीऐवजी जांभ्याचा चिरा लावायची जुनी खोड आहे. घरं चिऱ्यांची, कंपाउंड चिऱ्यांचं, मग गाडीही चिऱ्यावर. जांभा भिंतीत छान वजन पेलतो, कारण तिथे ते सगळ्या पृष्ठभागावर पसरलेलं असतं. गाडीच्या पट्टीची धार मात्र बोटभर जागेवर टेकते. चिरा आधी भुरभुरतो आणि मग एकदम फुटतो, मधली पायरी नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. ते भुरभुरतही नाहीत, थेट फुटतात.

घोडी नसेल आणि नुसतं चाक हलवून बघायचं असेल, तर निदान स्टेपनी आडवी करून पट्टीखाली सरकवा. चाक काढलंत की तेही तिथे ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी रबरावर पडेल, तुमच्या हातावर नाही.

चाक हबला चिकटलंय म्हणून हातोडा घेणं

सगळे नट काढले तरी चाक हबवरून, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून, हलत नाही. समुद्राजवळच्या गाड्यांना, त्यातही अलॉय व्हीलवाल्यांना, हे हमखास. लोखंडी हब, ॲल्युमिनियमचं चाक आणि मधे खारट ओलावा, यातून गंज असा फुगतो की चाक आणि हब एकजीव होतात. अशा वेळी रिमवर हातोडा घातलात तर अलॉयला चीर जाऊ शकते आणि लोखंडी रिम वाकतो. हातोड्याचे दणके बेअरिंगच्या गोळ्यांनाही बसतात. चांगलं बेअरिंग तिथेच खराब करून "बघ, म्हणालो होतो ना" म्हणणारे मी पाहिलेत.

मधल्या भोकाभोवती तेल मारा, चहा घ्या. मग गाडी नीट टेकलेली असेल तर जमिनीवर बसून टाचेने टायरच्या कडेवर खालून, बाजूने, आळीपाळीने लाथा घाला. टायरवर, रिमवर नव्हे. तरीही नाही निघालं तर सगळे नट परत हाताने लावून एक-दोन आटे सैल ठेवा, गाडी खाली उतरवा आणि फक्त हातभर पुढे-मागे करा. गाडीचं वजनच चाक सोडवतं. 'टक्' असा आवाज येतो आणि तो ऐकून फार बरं वाटतं. ही युक्ती अंगणातच करायची. सैल नटांवर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

घड्याळाच्या काट्यांची परीक्षा अर्धवट करणं

चाक बसवलेलंच ठेवून गाडी उचला. एक हात बाराच्या जागी, दुसरा सहाच्या जागी, आणि चाक आत-बाहेर हलवा. 'खट् खट्' असा खेळ जाणवला की सगळे ओरडतात, "बेअरिंग गेलं!" थांबा. खालचा बॉल जॉइंट सैल असेल तरी चाक तसंच हलतं.

आता कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक लागला की डिस्क कॅलिपरमध्ये आवळली जाते आणि कॅलिपर नकलवर बसलेला असतो. म्हणजे हब आणि नकल एक होतात, बेअरिंगमधला खेळ झाकला जातो. हलणं थांबलं तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही हलतंय तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा काही सांधा. पुढच्या चाकाला हात तीन आणि नऊच्या जागी धरून फक्त तिथेच हललं, तर टाय रॉड एंडकडे, म्हणजे स्टीअरिंगच्या चाकाजवळच्या सांध्याकडे बघा. दोन्ही दिशांना सारखंच हलत असेल तर पुन्हा बेअरिंगवरचा संशय पक्का होतो. शेजारी टॉर्च घेऊन एकाने नेमकं काय हलतंय ते बघितलं तर अंदाजाचं कामच उरत नाही.

उलट चूक मला जास्त दिसते. चाक अजिबात हलत नाही, म्हणून बेअरिंगला चांगलेपणाचा दाखला देऊन टाकणं. आवाज करणारी पुष्कळ बेअरिंगं हाताला घट्टच लागतात. गोळ्या ज्यावरून फिरतात त्या आतल्या पट्टीवर बारीक खड्डे पडलेले असतात, पण सैलपणा अजून आलेला नसतो.

त्यांच्यासाठी दुसरी परीक्षा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवायची. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग मुकी असते. खराब असेल तर बोटांना बारीक गरगर लागते, जात्यावर हात ठेवल्यासारखी. कानाला काही ऐकू येत नसताना बोटांना कळतं, कारण नकलमधला थरथराट स्प्रिंग वरपर्यंत नेते. मग दुसऱ्या बाजूचं चाक उचला आणि तेच करा. एका चाकावरून निकाल देऊ नका, दोघांची तुलना करा. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी फिरत्या चाकापासून लांब, आणि बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या मधे घालायची नाहीत.

हे करताना बाकीचे आवाज गोंधळ घालतात. डिस्कला पॅड जरासे घासून 'शिर्र' होतं, ते चालतं. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला की काळजात धस्स करणारं 'कर्रर्र' ऐकू येतं. पत्रा बोटाने हलवला की खडा पडतो, खर्च शून्य. पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू जाताना 'टक-टक-टक' येत असेल तर तो ॲक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा. किंचाळणारा बारीक आवाज ब्रेक दाबल्यावर बंद होत असेल तर आधी पॅड किती उरलेत ते बघा.

आणि एक धोक्याचं. चाक हवेत असताना इंजिन चालू करून, गिअर टाकून आवाज ऐकायचा मोह टाळा. पुढचं एक चाक जमिनीवर रोखलेलं असताना हवेतलं चाक स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा चाळीसवर, चाक ऐंशीवर, आणि गाडी कात्री जॅकवर. जॅक सुटला तर ते चाक गाडी समोरच्या भिंतीत घालतं.

बेअरिंगला तेल-ग्रीस पाजणं

आजच्या बहुतेक गाड्यांचं बेअरिंग सीलबंद असतं. त्यात बाहेरून ग्रीस जात नाही. सीलवर पातळ तेलाचा फवारा मारलात तर आतलं ग्रीस मात्र पातळ होऊन बाहेर येतं. दोन दिवस आवाज कमी वाटतो, मग दुप्पट होऊन येतो. गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याची धार हबच्या मागच्या बाजूला रोखून धरणं हीसुद्धा हीच चूक, फक्त पाण्याने केलेली.

पाणी आत कसं जातं तेही कळून घ्या. चालून चालून हब गरम होतो. तसाच गुडघाभर पाण्यात शिरला की आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलच्या कडेने बाहेरचं पाणी ओढून घेते. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. लोकांनी इंजिन धुतली, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं. चाकांकडे कोणी बघितलं नाही, कारण तेव्हा आवाज नव्हता. आमच्या आळीतल्या दोन गाड्या दिवाळीच्या सुमाराला घुमायला लागल्या. पाण्याने आत गंजाचे ठिपके पडतात आणि त्यावरून गोळ्या फिरून फिरून खड्डे मोठे होतात, याला वेळ लागतो. तेव्हा आवाज आजच सुरू झाला म्हणून कारणही आजचंच असेल असं नाही. गेल्या पावसाळ्यातला एखादा जोराचा खड्डाही असू शकतो.

बेअरिंग घरी ठोकून बसवणं

इथे माझं मत स्पष्ट आहे. चार बोल्ट काढून अख्खा हब बदलता येतो अशी रचना असेल तर हत्यारं असलेल्या माणसाने घरी जरूर करावं. बेअरिंग नकलमध्ये किंवा मागच्या ड्रममध्ये दाबून बसवलेलं असेल तर सुटा भाग घेऊन प्रेसवाल्याकडे जावं. हातोडा आणि जुनी रिंग घेऊन ठोकणारे मिस्त्री आहेत, त्यांचं काम होतंही, पण ठोकताना दणका गोळ्यांमधून गेला तर पट्टीवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग जन्मतःच आवाज करतं. प्रेसवरही समोर उभे राहा. नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर हवा. हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. उलटं केलं की जोर गोळ्यांवर येतो.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर बेअरिंग गुमान फिरतं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा कायमचा लागतो, मग परत सगळं खोला. कुठली बाजू ते डोळ्यांना कळत नसेल तर लोखंडाचा बारीक कीस जवळ न्या, चुंबकीय बाजूला चिकटतो, आणि बघून झालं की स्वच्छ पुसा. नवं बेअरिंग स्पीकर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवू नका.

मधला मोठा ॲक्सल नट नवा घ्यावा. जुना ठेचून लॉक केलेला असतो, परत वापरला तर तीच जागा धरेल याचा भरवसा नाही. त्याची आवळणी चाकाच्या नटाच्या दुप्पट किंवा अधिक असते आणि बेअरिंगच्या आतली कडी त्याच दाबावर एकत्र राहतात. म्हणून हा नट सैल असताना गाडी "जरा बाजूला घेऊ" म्हणून ढकललीत तरी नव्या बेअरिंगचं नुकसान होतं.

एका बाजूचं गेलं म्हणून दुसऱ्या बाजूचंही बदला, असा आग्रह गॅरेजात होतो. शॉकअब्सॉर्बर जोडीने बदलतात हे ठीक. बेअरिंगला तो नियम नाही. जे बोलतंय ते बदला.

दुचाकीवाल्यांना एवढंच: बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन दुकानात जा. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. चाकाला दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच घ्या, पत्र्याच्या झाकणाचं पाण्याला थोपवत नाही. आणि दोन बेअरिंगांच्या मधली नळी परत घालायला विसरू नका. ती राहिली तर ॲक्सल आवळताना दोन्ही बेअरिंगं आतल्या बाजूने चेपली जातात आणि महिन्याभरात तुम्ही परत त्याच दुकानात दिसता.

नुसता आवाज आहे, मग किती दिवस चालेल?

खेळ नाही, फक्त हलकी घुमघुम आहे, तर त्या आठवड्यात काम करून घ्या, लांबचा प्रवास टाळा. चाक हाताला हलतंय, घुमण्याचं रूपांतर खरखरीत झालंय, एबीएसचा दिवा अधूनमधून लागतोय किंवा एकच हब दुसऱ्यापेक्षा खूप तापतोय, तर गाडी उभी करा. तापण्याचं कारण अडकलेला ब्रेकही असू शकतो, पण तशी गाडी चालवणंही बरं नव्हेच.

चाक परत लावताना घाई

सगळं झालं, हात काळे झालेत, भूक लागलीय. याच वेळी चुका होतात. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाची एक पापडी मधे राहिली की ती पुढे चुरते आणि नट आपोआप ढिले पडतात. मधल्या गोल कड्यावर ग्रीसचा नुसता हात फिरवा, पुढच्या वेळी चाक सुटेल. स्टडच्या आट्यांना मात्र ग्रीस नको. कंपनीने सांगितलेली आवळणी कोरड्या आट्यांची असते, ग्रीस असलं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

नट आधी हाताने. तीन-चार आटे बोटांनी फिरले पाहिजेत. पान्याने सुरुवात केलीत आणि नट तिरका लागला तर आटे मेले. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. मग एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. चाक जमिनीला टेकवून शेवटची आवळणी.

ती किती? गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. लहान-मध्यम गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या घरात येतो. टॉर्क पाना नसेल तर हिशोब करा. एक फुटी दांड्याच्या टोकाला ३३-३४ किलोचा जोर म्हणजे सुमारे १०० न्यूटन मीटर. सत्तर किलोचा माणूस त्याच टोकावर उभा राहिला तर २०० च्या वर गेलं, म्हणजे दुप्पट. उडी मारली तर विचारूच नका. पुढच्या वेळी हलत नाहीत म्हणून आपण ज्या नटांना शिव्या घालतो, ते बरेचदा आपणच असे आवळलेले असतात.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की गाडी थंड असताना परत एकदा पाना लावायचा. मी चिपळूणहून रत्नागिरीकडे जाताना संगमेश्वरला चहाला थांबतो, तिथे आधी चहा, मग चाक. मागच्या वेळी चारपैकी तीन नट जागचे हलले नाहीत. चौथ्याने पाव आटा घेतला.